मोबाईलवरून दिलेलं जेवणाचं बोलावणं

शाळेतून निवृत्त झालो त्या महिन्यात अहेरीच्या घरी जेवण ठेवलं. बायको जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलीच्या लग्नात आम्ही दोघं स्कूटरवर घरोघर फिरून पत्रिका वाटल्या होत्या. मी पाकिटावर नावं घालायचो, बोलायचं काम तिचं. आता एकट्याने तसं फिरणं नको वाटत होतं.

नागपूरहून मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, आता कोन छापते पत्रिका? मी मोबाईलवर बनवून देते. तुम्ही फक्त सगळ्यायले पाठवा."

तिने झेंडूचं तोरण आणि माझा फोटो घालून छान पत्रिका केली. मी ती शाळेच्या, कॉलनीच्या, जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकली. तासाभरात जोडलेल्या हातांची आणि फुलांची रांग लागली. मी आचाऱ्याला सत्तर माणसांचं सांगितलं.

रविवारी दुपारी दोनपर्यंत पंधराएक जण आले. बहुतेक शाळेतलेच. घाईने जेवले आणि गेले. नातवाला ताप आल्याने मुलीला येता आलं नव्हतं. तिने व्हिडिओ कॉल केला.

"बाबा, मागच्या खुर्च्या रिकाम्याच दिसून राह्यल्या?"

"लोकं हात धुवाले गेले," मी म्हणालो आणि फोन भिंतीकडे वळवला.

संध्याकाळी डब्यात भाजी, पुऱ्या आणि बुंदी भरून गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या शिंप्याकडे गेलो. माझे शर्ट वीस वर्षं त्यांनीच शिवले. त्यांनीही ग्रुपवर हात जोडले होते.

"काऊन नाई आले, भाऊ?"

त्यांनी मशीन थांबवली. "सर, फोनवर रोजच काईतरी येते. तुम्ही सकाळ-संध्याकाळ इथूनच जाता, पन 'या' म्हणून एकदाही बोलले नाई. मले वाटलं, सगळ्यायले गेलं तसं मलेही आलं." मग हळू म्हणाले, "बाई असत्या तर घरात येऊन सांगून गेल्या असत्या."

मी डबा पुढे केला.

"तुम्ही जेवले का?" त्यांनी विचारलं.

जेवलो नव्हतो. ते तोवर माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. त्यांनी आत हाक मारली, चटई अंथरली. त्यांच्या बायकोने माझ्याच डब्यातलं मला वाढलं आणि आपल्या घरची वांग्याची भाजी वर घातली. आम्ही तिघं जेवलो.

पुढच्या आठवड्यात, न आलेल्यांपैकी चार-पाच घरी मी पायीच गेलो. प्रत्येक घरी पाणी आलं, चहा आला, आणि मग तोच प्रश्न.

"काई काम होतं का, सर?"

"काई नाई," मी म्हणायचो, "असाच आलो."