गालिच्याचा कुबट वास

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कोणाचे असतील तर ते माझ्या आत्याचे. दिवाळी झाली की आई-वडील मेंढरं घेऊन गोदाकाठाकडे निघायचे, ते पावसाळ्याच्या तोंडावर परतायचे. त्यांच्याबरोबर फिरलो असतो तर माझी शाळा झाली नसती. आत्या वडिलांची थोरली बहीण, कमी वयात विधवा होऊन माहेरी आलेली. लांबचा पल्ला न झेपणारी कोकरं आणि म्हाताऱ्या मेंढ्या ती गावात सांभाळायची, आणि त्यांच्याबरोबर मला. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. पण मला रोज अंघोळ घालून शाळेच्या वाटेला लावलं ते तिनं.

शाळेत मुलं नाक धरायची. "आलं बघा मेंढरू," म्हणायची. मी घरी कधी बोललो नाही, पण तिला कळलं असावं. एक दिवस तिनं माझे शाळेचे कपडे खुंटीवरून काढले आणि घडीत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून पत्र्याच्या पेटीत ठेवले. तेव्हापासून मी ते निघता निघता अंगणात घालायचो आणि आल्यावर अंगणातच काढायचो.

एक गोष्ट मात्र तिला खपत नसे. नुसतं "वास यायलाय" म्हटलं की ती थांबवायची. "कसला ते सांग की." मग मला नाव शोधावं लागे. कोकराच्या तोंडाचा दुधाळ वास. एडक्याचा उग्र. भिजलेल्या घोंगडीचा ओला, पण उबदार. ताकाचा आंबूस, जुन्या शेंगदाण्याचा खवट, पेंढीच्या तळाशी राहिलेल्या कडब्याचा कुबट. एकदा तिनं एक मेंढी नुसत्या वासावर बाजूला काढली. खूर आतून कुजायला लागला होता, आणि डोळ्यांना अजून काहीच दिसत नव्हतं. पावसाळी संध्याकाळी तिच्या घोंगडीत शिरून मी पाढे म्हणायचो. तो वास आजही आठवला की मला आधी सातचा पाढा आठवतो.

आता मी शहराजवळ बजाजनगरला दोन खोल्यांत राहतो. वाळूजच्या एका कारखान्यात तपासणीचं काम करतो. लग्नानंतर मी आणि बायको गुलमंडीच्या बाजारात जाऊन एक लोकरी गालिचा घेऊन आलो, मेंदीच्या रंगाचा. आमच्या घराण्यात पिढ्यानपिढ्या लोकर कातली गेली, पण जमिनीवर अंथरायला विकतची लोकर आणणारा मी पहिलाच. खराब होऊ नये म्हणून त्याखाली वर्तमानपत्रं आणि प्लॅस्टिकचा कागद घातला. पाहुणे आले की ते चपला बाहेर काढतात का, हे मी लक्ष ठेवून पाहायचो.

गेल्या उन्हाळ्यात आत्याला मोतीबिंदूसाठी आणलं. एक डोळा आधी करायचा, दुसरा पावसाळ्यानंतर, असं ठरलं. ती कपड्यांचं गाठोडं आणि घोंगडी घेऊन आली. पलंग देऊ केला तर म्हणाली, "तुमच्या पलंगावरून पडंन असं वाटतंय मला. खालीच बरं हाय." गालिच्यावर घोंगडी टाकून ती निजायची. खिडकीत कूलर दिवसभर चालू असे.

ऑपरेशन नीट झालं. आठ-दहा दिवसांनी बैठकीच्या खोलीत वास येऊ लागला. बायकोनं गालिच्यावर खायचा सोडा भुरभुरला, तासाभरानं झाडून काढला. वास गेला आणि दुसऱ्या दिवशी परत आला. मग कापूर जाळला. मग सुगंधी फवारा आणला, तर गुलाब आणि तो वास एकत्र झाले आणि दार उघडंच ठेवावं लागलं. आत्या काळा चष्मा लावून भिंतीशी बसलेली. एकदा म्हणाली, "काय गं सूनबाई, लग्नघर केलंस की."

एका सकाळी कारखान्यातला, माझ्या पाळीवरचा एक सोबती तिची विचारपूस करायला आला. दारातच म्हणाला, "काय राव, घरात मेंढरं बांधली का?"

मी हसलो. त्याला काही ठाऊक नव्हतं, त्याचा काही दोष नाही. पण मी हसलो, आणि आत्या आतल्या खोलीत होती.

त्याच दिवशी दुपारी बायको तिला डोळा दाखवायला घेऊन गेली. मी घोंगडी उचलली, एका पिशवीत कोंबून तोंड बांधलं आणि गच्चीच्या जिन्याखाली ठेवून आलो. परत आल्यावर आत्यानं भिंतीशी हात फिरवला.

"माझी घोंगडी कुठंय?"

"वर ठेवलीय आत्या. वास येत होता."

"कसला?"

मला दुसरा शब्द सुचला नाही. "मेंढरांचा," मी म्हणालो.

तिनं हात मागे घेतला. जेवताना "भाजी चांगली झाली" एवढंच म्हणाली. रात्री बायकोनं दिलेल्या चादरीवर निजली.

सकाळी उठून पाहतो तर ती गालिच्यावर अनवाणी चालत होती. वाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, म्हणून ती तळपायांनी चाचपत होती, एकेक पाऊल दाबून. खिडकीपाशी थांबली.

"इकडं ये. इथं पाय ठेव."

मी ठेवला. गार लागलं.

"आता वास घे. कसला हाय?"

मी गुडघ्यावर बसून नाक टेकवलं. कडब्याच्या पेंढीचा तळ आठवला. "कुबट," मी म्हणालो.

"व्हय. कुबट. मेंढरू कुबट नसतंय."

बायकोनं आणि मी गालिचा उलटा केला. कूलरच्या टाकीतून बारीक धार भिंतीवरून उतरत होती आणि प्लॅस्टिकच्या कागदावर साचत होती. वर्तमानपत्रांचा लगदा झाला होता. गालिच्याच्या पाठीवर तळहाताएवढे काळे डाग पडले होते. पाणी मुरू नये म्हणून घातलेल्या कागदानंच ते बाहेर जाऊ दिलं नव्हतं.

पुढचे दोन दिवस आत्या खुर्चीवर बसून सांगत होती आणि आम्ही करत होतो. आधी ओल काढायची, मग वास. कूलर बंद. फरशी खरवडून पुसली, पंखा लावून कोरडी केली. गालिचा गच्चीच्या कठड्यावर पाठ वर करून टाकला आणि काठीनं झोडला. डागांवर पाण्यात मिसळलेलं व्हिनेगर फडक्यानं टिपलं, पण पुन्हा भिजवला नाही. पुरता वाळल्यावर पाठीवर सोडा घातला, रातभर ठेवला, सकाळी झटकला. "उन्हात पाठ दे, तोंड नको. रंग उडंल," ती म्हणाली. सोडा आणि व्हिनेगर बायकोनं सुचवलं होतं. आत्यानं दोन्ही हुंगून पाहिलं आणि "चालंल" म्हणाली. तिसऱ्या दिवशी गालिच्याला नुसता उन्हाचा वास होता.

त्याच दिवशी तिनं गाठोडं बांधलं. घोंगडी मी आणून दिली होती, ती तिनं आधीच घडी करून ठेवलेली. बायकोनं अडवलं. "आत्याबाई, अजून तपासायला जायचंय."

"एका डोळ्यानं लई दिसतंय मला," ती म्हणाली.

आता पावसाळा संपत आला. दुसऱ्या डोळ्याची वेळ टळून गेली, तर नजर जाईल असं डॉक्टर म्हणतात. फोनवर ती सगळं हसण्यावारी नेते, मेंढ्यांचं विचारलं तर तासभर बोलते. म्हणून मी पत्र लिहिलं. वसतिगृहात असताना लिहायचो, तसं. तेव्हा ती पत्रं गावात कुणाकडून तरी वाचून घ्यायची. आता अंगणवाडीच्या ताई वाचतात, आणि त्यांच्याकडे चार बायका बसलेल्या असतात, हे मला ठाऊक आहे.

आत्या,

ताईंना सांग, हे पत्र मोठ्यानं वाचा आणि काही गाळू नका.

मी तुझी घोंगडी पिशवीत बांधून जिन्याखाली ठेवली. मित्र मेंढरांवरून बोलला तेव्हा मी हसलो, आणि तू आत होतीस. तू ऐकलंस, हे मला तेव्हाच कळलं होतं. माझ्या कूलरच्या पाण्याचा वास मी तुझ्यावर घातला. तो कसला आहे हे मी पाहिलंच नाही, कारण मला आधीच माहीत आहे असं वाटलं. शाळेतली मुलं नाक धरायची तेव्हा मला जे वाटायचं, ते मी तुला माझ्या घरात दिलं. मी चुकलो.

दुसऱ्या डोळ्याचं राग म्हणून टाळू नकोस. माझ्याकडे राहायचं नसेल तर दवाखान्याजवळ खोली बघतो, मी आणि सूनबाई तिथं येऊन राहू. डॉक्टरांना महिनाअखेरचं विचारून ठेवलंय.

रविवारी सकाळच्या गाडीनं मी येतो. तुझं नाही असलं तर तेही समोर बसून ऐकीन.

तुझं लेकरू