टॉवेलांबद्दल मी बोलले नाही

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही. देवापुढे हात जोडते तेव्हाही शब्द जरा बदलूनच सांगते. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही — कदाचित म्हणूनच जमेल.

आधी एक गोष्ट. ज्युरीच्या खोलीत कोण काय बोललं ते बाहेर सांगायचं नाही, असा इथे कॅनडात कायदा आहे. म्हणून बाकीच्या अकरा जणांचं एकही वाक्य इथे येणार नाही. मी फक्त मी काय बोलले नाही ते सांगणार आहे. त्यालाही कायदा लागतो का? माहीत नाही. कुणाला विचारलंही नाही — विचारलं तर कशाबद्दल ते सांगावं लागेल.

आम्ही हॅमिल्टनला राहतो. मी मूळची अकोल्याकडची. नववीत शाळा सुटली, लग्न झालं, इथे येऊन बावीस वर्षं झाली. पहिल्यापासून एका लाँड्रीत कामाला आहे. हॉटेलांचे, रेस्टॉरंटांचे टॉवेल, एप्रन, चादरी. या देशानं मला पगार दिला, पासपोर्ट दिला, लेकीला इंजिनिअर केलं. मी उपकार विसरणारी बाई नाही. पण उपकार मानणारं माणूस जरा घाबरूनच असतं — दिलेलं कधी परत मागतील, असं आत कुठेतरी वाटत राहतं.

ज्युरीत बसायला बोलावणारं कोर्टाचं पत्र आलं तेव्हा लेक म्हणाली, "आई, जस्ट टेल देम युअर इंग्लिश इज बॅड." नवरा हसला. "तू काय न्याय करणार गं? भाजीत मीठ बरोबर आहे का, तेसुद्धा मला विचारतेस!" मला राग आला त्या हसण्याचा. म्हणून न्यायाधीशांनी इंग्रजी नीट समजतं का विचारलं, तेव्हा मी ताठ उभी राहून "येस, युअर ऑनर" म्हणाले. ते खोटं नव्हतं. मला समजतं सगळं. बोलायच्या वेळी वाक्य घशाशी येऊन अडकतं — पण ते त्यांनी विचारलं नव्हतं.

खटला आगीचा होता. एका इंडियन रेस्टॉरंटच्या मागच्या, टॉवेल-एप्रन धुवायच्या खोलीत आग लागली आणि वरच्या मजल्यावरची एक म्हातारी बाई भाजली. आरोपी तिथलाच कामगार, चाळिशीचा, पंजाबी. सकाळी मालकाशी त्याचं भांडण झालेलं. दुपारी कुलूप लावून शेवटचा तोच बाहेर पडलेला. दोन-तीन तासांनी धूर. आगीच्या तज्ज्ञानं सांगितलं की वायरिंग ठीक होतं, ड्रायर ठीक होता, म्हणजे आग कुणीतरी लावली. सगळं कसं जुळत होतं.

मग तो माणूस स्वतः साक्षीला उभा राहिला. दुभाष्यामार्फत म्हणाला — डोकं फिरलं होतं, घाई होती, किचनचे टॉवेल ड्रायरमधून गरमच काढले, टोपलीत दाबून भरले आणि निघालो. त्या वाक्यावर कुणीच थांबलं नाही. त्याचा वकीलही नाही. मी मात्र तिथेच अडकले.

कारण कामाच्या पहिल्याच महिन्यात मी तेच केलं होतं. किचनच्या टॉवेलांतलं तेल धुऊनही पुरतं जात नाही. मी ते गरम असतानाच घड्या घालून कपडे न्यायच्या ढकलगाडीत गच्च रचले आणि वरून चादर झाकली — भाकऱ्या फडक्यात गुंडाळून ठेवतो ना आपण, त्या सवयीनं. काही वेळानं करपल्याचा वास आला. सुपरवायझर मरिया धावत आली, तिनं ढीग उपसला. वरचे टॉवेल तपकिरी, मधले काळे, हात लावता येईना. काडी कुणी लावली नव्हती. "नेव्हर हॉट, उषा! नेव्हर!" मरिया ओरडली. "आधी पसर, गार होऊ दे. ते आपले आपणच पेटतात!" तेव्हापासून मी टॉवेल आधी पसरते.

म्हणजे मला माहीत होतं. त्या खोलीत बहुधा मला एकटीलाच.

मग?

आधी मला त्याचाच संशय आला. हे वाक्य कुणी पढवलं तर नसेल? मग माझा स्वतःचा. पहिल्या दिवशी ज्युरीच्या बाकावर मला बघून त्यानं मान किंचित झुकवली होती, आपल्याकडे वडीलधाऱ्या बाईला बघून झुकवतात तशी. मी चटकन नजर वळवली होती. आता मला त्याची बाजू घ्यावीशी वाटते ती टॉवेलांमुळे, की त्या झुकलेल्या मानेमुळे? आणि मग आला त्या अकरा जणांचा संशय. कुणी तसं बघितलं की नाही, ते सांगायचं नाही. पण माझ्या मनात पक्कं बसलं, की मी तोंड उघडलं तर ते म्हणणार — ही त्याच्यातली, म्हणून बोलतेय. हिला नागरिक कुणी केलं?

न्यायाधीशांनी भर कोर्टात आम्हाला समजावलं होतं: एकमेकांचं ऐका, पण बाकीचे वेगळं म्हणतात एवढ्यासाठी आपलं प्रामाणिक मत सोडू नका. शंका उरली तर ती आरोपीच्या बाजूनं धरा. चिठ्ठी पाठवून त्यांना प्रश्नही विचारता येत होता. यातला शब्दन् शब्द मला कळला होता. मी पॅडवर ‘टॉवेल’ लिहिलं. मराठीत लिहिलं — शेजारच्याला वाचता येऊ नये म्हणून. मग तेही खोडलं.

निकाल दोषी. तो बाराही जणांच्या एकमतानंच लागतो. त्याच्या वकिलानं प्रत्येकाला वेगळं विचारायची मागणी केली. हे उघड कोर्टात झालं, म्हणून सांगता येतं. माझा नंबर नववा. आठ जणांचं ‘येस’ होऊन गेलं. "हा तुमचा निकाल आहे का?" कारकुनानं विचारलं. तो माणूस माझ्याकडे बघत होता.

मी "येस" म्हणाले.

कदाचित आग त्यानंच लावली असेल. मला माहीत नाही — तेच तर. मला शंका होती, आणि ती शंका त्याच्या हक्काची होती. मी ती माझ्यापाशी ठेवून घरी आले. त्याला किती वर्षांची शिक्षा झाली ते मी शोधलं नाही. लेकीला सांगितलं असतं तर तिनं फोनवर मिनिटात काढून दिलं असतं.

घरी नवऱ्यानं विचारलं, "काय गं, काय काय झालं आत?" मी म्हणाले, "अहो, कायदा आहे. सांगता येत नाही." त्याला केवढा अभिमान वाटला! गणपतीला हॉलमध्ये सगळ्यांना सांगत होता, "हिला काही विचारू नका हं, कायद्याची बाई आहे!" वहिनी मंडळी हसली. मीही हसले, मोदकांची ताटं पुढे केली. तेव्हापासून कुणी काही विचारत नाही.

गेल्या आठवड्यात लाँड्रीत एक नवीन बाई लागली. घानाची आहे, माझ्याच वयाची. बघते तर तिनं किचनचे गरम टॉवेल गाडीत रचून वरून चादर टाकलेली. मी धावत गेले, ढीग उपसला, टॉवेल टेबलावर पसरले. मग तिला सगळं समजावून सांगितलं — तेल कसं राहतं, उष्णता आत कशी कोंडते, काडी न लावता आग कशी लागते.

इंग्रजीतच. दोन मिनिटं लागली.