पाचवी होडी

ते प्रकरण आठवलं की अजूनही अंगावर काटा येतो. सत्तरच्या दशकात मी सोलापुरात फौजदार होतो. एका दुपारी एक विडी कामगार बाई ठाण्यात आली. चार महिन्यांपूर्वी तिच्या एकुलत्या एका मुलाचं प्रेत विहिरीत सापडलं होतं. पाण्यात कुजून चेहरा उरलाच नव्हता. पोरगा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. रंगाचे डाग पडलेला त्याचा सदरा तिनं ओळखला. मी पंचनाम्यात ‘ओळख पटली’ असं लिहिलं, अकस्मात मृत्यूची नोंद केली आणि मोकळा झालो.

“सायब, त्यो घरात येतोय,” ती म्हणाली. “त्याच्या चित्रात होड्या वाढायल्यात.”

ठाणे अंमलदार हसला. मीही हसलोच असतो, पण बाई दारातून हलेना. उठलो आणि तिच्या घरी गेलो.

चित्र भिंतीवर होतं. पोरानं एकदाच कधीतरी समुद्र पाहिला होता म्हणे. पाणी हळदीसारखं पिवळं, आभाळ काळंनिळं, होड्या लालभडक आणि वेड्यावाकड्या. रंग असे अंगावर येणारे, पण पाणी मात्र निपचित. एक लाट नाही, होडीत माणूस नाही.

“तीनच हुत्या की. आता पाच झाल्यात.”

पाचव्या होडीवर मी बोट टेकवलं. बोट लाल झालं. खोटं कशाला सांगू, माझी बोबडीच वळली.

मग डोकं ठिकाणावर आलं. मेलेला माणूस ओला रंग लावत नाही. दुपारी गल्लीतल्या झाडून साऱ्या बाया वळलेल्या विड्या तपासून घ्यायला कारखान्यात जायच्या. तेवढा वेळ गल्ली ओस पडायची. हे माहीत असलेलाच कोणीतरी येत होता. बाईला न सांगता दुसऱ्या दिवसापासून ती कारखान्यात गेली की मी एका शिपायासह तिच्याच घराच्या माळ्यावर दबा धरू लागलो. तिसऱ्या दुपारी कडी वाजली. दाढी वाढलेला एक तरुण आत आला आणि पिशवीतून ब्रश काढू लागला. तो तिचाच मुलगा होता.

त्याला ठाण्यात आणलं. मी हात उगारला नाही. एवढंच विचारलं, “होड्या कशाला काढत होतास?”

तो ढसाढसा रडला. “मी हाय, हे आईला कळावं म्हनून. त्वांड दावायचं धाडस न्हवतं.”

मग सगळं बाहेर आलं. त्याच्यासोबत पाट्या रंगवणारा जोडीदार मैंदर्गीकडचा, मागेपुढे कोणी नसलेला. कामावर भांडण झालं, यानं ढकललं, त्याचं डोकं दगडावर आपटलं. घाबरून, आपणच मेलो असं वाटावं म्हणून, यानं स्वतःचा सदरा त्याच्या अंगावर चढवला आणि प्रेत विहिरीत टाकलं.

आई धावत आली. त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरून हसली. मग तिला बेड्या दिसल्या.

“मेला हुता तवा माजा तरी हुता की, सायब,” ती मला म्हणाली. “तुमी जित्ता केलासा आन घिऊन चाललासा.”

त्यानंतर नुसत्या कपड्यांवरून पटवलेली ओळख मी कधीच मान्य केली नाही. या तपासाबद्दल वरिष्ठांनी शाबासकी दिली, पण ती घेताना मला मान वर करवली नाही. माझ्या त्या दोन शब्दांमुळं एका आईनं एकच मुलगा दोनदा गमावला होता.