आमेनआधीचे चार सूर

१९४३ साली आमोस मास्तर खर्ड्याला आले आणि पहिल्याच उपासनेत त्यांनी पायपेटीच्या चार पट्ट्या अशा काही दाबल्या, की कौलांवरची कबुतरं थेट जामखेडला जाऊन टेकली, साराबाईंनी शेजारणीची सात वर्षांपूर्वी लांबवलेली चाळण भर मंडळीत कबूल केली, आणि ‘आमेन’ म्हणून खाली बसायच्या बेतातले सत्तर लोक अर्धवट वाकून तसेच राहिले. कारण आमेन आलंच नव्हतं. मास्तरांनी ते अडवून धरलं होतं. गाणाऱ्यांच्या रांगेत एकच मुलगी हसली. ती मार्था. मास्तर तिथंच कामातून गेले.

तो स्वरमेळ त्यांना एका मडमेने टाकून दिलेल्या पियानोच्या वहीत सापडला होता. विलायती उस्ताद म्हणे त्यावर वादळं उठवत. चार सूर, चौघांत सारखंच अंतर. तिथून गाणं कुठंही वळवता येई. मास्तरांनी तो मराठी गीतांत घातला, मग गावातल्या टाळकरी बन्सीच्या भजनी मंडळातही. बन्सीचे टाळ थांबले.

“मास्तर, ह्यो सूर लई दुखतुया. पुन्यांदा वाजवा!”

मार्थाचे वडील शमुवेलराव चर्चचे पंच. मास्तरांनी मागणी घातली तेव्हा ते म्हणाले, “पोरगी दिली. पर आमेन सरळ आलं पायजे. माझं गुडघं दुखत्यात. किती येळ वाकून ऱ्हायचं?”

मास्तरांनी बसल्या जागी शब्द दिला. तीन महिने त्यांनी मीठ विसरलेल्या पिठल्यासारखं वाजवलं. शमुवेलराव खूश. मार्थाचा आवाज मात्र बारीक होत गेला, आणि मग ती तालमीला यायचीच थांबली. उपासनेनंतर मास्तरांनी तिला दारात गाठलं.

“तुझ्यासाठीच सोडला तो सूर.”

“मला विचारलंत? तो लागला की वाटायचं, आता गाणं कुठंही जाईल. हल्ली तुम्ही कुठं जाणार, ते मला आधीच कळतं.”

“येत्या रविवारी वाजवतो.”

“मी म्हणाले म्हणून? मग राहू द्या, मास्तर.”

तरी त्यांनी वाजवला. पण नेमकं एक बोट शेजारच्या पट्टीवर पडलं. चारातला एक सूर तेवढा उतरला की तो अगदी नेहमीचा स्वरमेळ होतो. आमेन बिनबोभाट आलं. मार्थाने मान वर केली नाही.

१९४६च्या मे महिन्यात तिचं लग्न राजूरच्या एका कंपाउंडरशी झालं. पेटी वाजवायला नगरहून दुसरा माणूस आणला होता. मास्तरांना त्या दिवशी ताप होता.