शाई संपल्यासारखी अक्षरं

अशोक गेल्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत पोरांना पोस्टर रंगवायला शिकवत होतो. हृदयविकाराचा झटका, जायचं वय नव्हतंच. आता महिना उलटला, पण त्याच्याशी वाद घालायची माझी खोड काही मोडलेली नाही... मनातल्या मनात चालूच असतं.

बीडला चित्रकलेच्या वर्गात आम्ही बरोबर होतो. मी ड्रॉइंग मास्तर झालो. त्यानं पाटोद्यात फ्लेक्सचं दुकान टाकलं आणि फावल्या वेळात कॉम्प्युटरसाठी ब्रशच्या अक्षरांचा एक फॉन्ट केला. मेंढपाळाच्या घरातला म्हणून फॉन्टचं नावही 'मेंढका'. अक्षरं जाडजूड, जराशी पुढं झुकलेली, आणि प्रत्येक फटकाऱ्याच्या शेवटी कोरड्या ब्रशच्या रेघा, मधून पांढरं दिसणाऱ्या. पुण्याच्या लोकांनी तो चहाच्या पुड्यांवर, नाटकाच्या जाहिरातींवर हौसेनं वापरला. पाटोद्यात मात्र गिऱ्हाईक बॅनर उलगडून विचारायचं, "मशीनमधली शाई संपली का हो?" एकानं तर वाढदिवसाचा बॅनर परत आणून दिला.

"रेघा बुजव की," मी म्हणायचो.

"न्हाई बुजवणार बे. पुण्याला चालतो, त्याचं काय घेऊन बसलास? आपल्या एका माणसानं तरी सोताहून मागावा."

एवढा हट्ट कशासाठी, हे मला कळेना. एकदा खोदून खोदून विचारलं तेव्हा तो मला बीडजवळच्या पालीला घेऊन गेला. धरणाच्या अंगाला त्याच्या वडिलांच्या मेंढ्या बसल्या होत्या. म्हातारबा काठीला चिंधी गुंडाळून मेंढ्यांच्या पाठीवर गेरूची खूण ओढत होते. लोकरीवर रंग धड बसत नाही, फटकारा मध्येच तुटतो, खालचं पांढरं तसंच राहतं. मी बघतच राहिलो. अशोकनं फॉन्टचा छापील कागद पुढं धरला. म्हातारबांना वाचता येत नव्हतं. त्यांनी कागदावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "ह्ये तर आपल्याच कळपातलं हाय." त्यानंतर रेघा बुजव असं मी कधी म्हणालो नाही. पण पाटोद्यातल्या कुणी तो मागितलाही नाही, आणि हे त्याला शेवटपर्यंत लागून राहिलं.

मागच्या आठवड्यात त्याच्या घरून परत येताना मांजरसुंब्याला चहाला थांबलो. धाब्यावर नवा बोर्ड होता, 'चुलीवरचं जेवण'. मेंढका. सगळ्या रेघांसकट. मी मालकाला विचारलं, हेच अक्षर का घेतलं?

"बीडच्या दुकानात लई नमुने दावले. बाकीचे समदे छापल्यावानी. ह्यो म्हंजी कुणीतरी आत्ताच हातानं लिवून गेलंय, असा वाटला. मीच म्हनलं, ह्योच पायजे."

"माझ्या मित्रानं केलाय तो."

मालक एकदम खुलला. "मंग त्येनला सांगा, लई झ्याक हाय म्हणावं. चहाला या म्हणावं एकदा."

तो गेला, हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण इतकी वर्षं अशोक ज्या निरोपाची वाट बघत होता, तो माझ्या हातात कुणीतरी आत्ता ठेवला होता...

"सांगतो," मी म्हणालो.