डाव्या पंखाचे टाके

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकतो. या सदरात येणाऱ्या पडक्या विहिरी, पांढऱ्या साडीतल्या बायका, मागून येणारी घुंगरं... मी सगळं वाचतो आणि नातीला म्हणतो, या लोकांना रात्रीचं जेवण जरा कमी द्यायला हवं. माझा जन्म तंबू, कनाती आणि शामियाने शिवण्यात गेला. जे हाताला लागतं ते खरं, एवढंच मला कळतं. नात म्हणाली, “मग तुमचं ते विमानाचं लिहा की.” म्हणून लिहायला बसलोय. शिक्षण सहावीपर्यंत. शुद्धलेखन तिनं तपासलंय, बाकी चुका माझ्या.

माझ्या हकिगतीत भूत नाही. रात्रसुद्धा नाही. जे झालं ते उन्हात, माझ्याच हाताखाली झालं.

थोरले महाराज गादीवर होते तेव्हाची गोष्ट. पहिलं महायुद्ध संपून दोन-तीन वर्षं झाली असतील. आम्ही कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहायचो. माझे वडील, अब्बा, दरबाराचे तंबू शिवायचे. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा ते काम माझ्याकडं आलं. मी बावीसचा होतो. गावात माझ्यासारखा टाका कुणाचा नाही असं मला वाटायचं, आणि चार लोक तसं बोलूनही दाखवायचे, त्यामुळं जरा जास्तच वाटायचं.

कळंब्याच्या तळ्याच्या अलीकडं तेव्हा मोठा मोकळा माळ होता. तिथं एक इंग्रज साहेब विमान घेऊन उतरला. लढाईत वैमानिक होता. लढाई संपल्यावर मोडीत निघालेलं दोन माणसांचं विमान त्यानं विकत घेतलं होतं आणि गावोगाव हिंडून तो हौशी लोकांना आकाशात एक फेरी मारून आणायचा. कुणी शिकतो म्हणालं तर शिकवायचासुद्धा. लायसन वगैरे त्या काळी कुणी विचारत नव्हतं. कोल्हापुरात त्याला एकच शिष्य मिळाला, भूपाल. गडहिंग्लजच्या एका जैन व्यापाऱ्याचा मुलगा. कॉलेजात शिकायला म्हणून बापानं इथं ठेवलेला, आणि हा पठ्ठ्या दिवसभर माळावर.

एकदा उतरताना विमान कडेच्या बाभळींत घुसलं आणि डावीकडच्या एकावर एक असलेल्या दोन पंखांपैकी खालच्याचं कापड फाटून लोंबायला लागलं. हो, कापडच. तेव्हाच्या विमानाचे पंख म्हणजे लाकडी सांगाडा, त्यात ओळीनं पातळ फासळ्या, आणि वरून-खालून ताणून बसवलेलं कापड. साहेबानं गावात चांगला शिवणारा कोण म्हणून चौकशी केली. सगळ्यांनी माझं नाव सांगितलं.

पंख सोडवून पत्र्याच्या शेडमध्ये लाकडी घोड्यांवर उभा केला होता. साहेबानं स्वतः पहिली फासळी शिवून दाखवली. वीतभर लांबीची सुई वरून घालायची, खालून काढायची, फासळीला वेढा घालून परत वर आणायची आणि तीन-तीन बोटांवर त्यानं शिकवलेली गाठ मारायची. शिवून झालं की गाठींवर कापडी टेप, आणि टेपवर डोप, म्हणजे एक उग्र वासाचं रोगण. ते वाळलं की कापड डफासारखं ताणायचं. मी विचारलं, एवढे टाके कशाला? वाऱ्यानं कापड फासळीवर दाबूनच बसणार की. साहेब मोडक्या हिंदीत म्हणाला, “ऊपर का हवा दबाता नहीं. खींचता है.” पंखाच्या वरच्या बाजूचं कापड वारा वर ओढतो, आणि टाके नसतील तर ते फुगून सालीसारखं निघून जातं. लढाईत त्यानं तसं जाताना पाहिलं होतं. त्या माणसाचं पुढं काय झालं ते मी विचारलं नाही.

पंखात चौदा फासळ्या होत्या. साहेबानं मेण लावलेला विलायती दोरा मोजका दिला होता आणि विचारलं होतं, पुरेल ना? नाही तर मुंबईहून मागवतो, आठ दिवस थांबू. मी म्हणालो पुरेल. पण तंबूच्या सवयीनं मी प्रत्येक गाठीला शेपूट लांब सोडत गेलो. अकरा फासळ्या झाल्यावर पाहतो तर दोरा उरलेला चार वाव, आणि लागणार होता दहा वाव; दोन्ही हात पसरून भरतं ते एक वाव. आमच्या धंद्यात मध्येच सामान कमी पडलं म्हणणारा कारागीर म्हणजे माप चुकलेला कारागीर. ते माझ्या तोंडून निघेना.

त्यात भूपाल. आदल्या दिवशीच माझ्याजवळ उकिडवा बसून तो म्हणाला होता, “दस्तगीर, शुक्रवारी अप्पा येत्यात न्यायला. लगीन ठरवलंय, मग दुकानात बसवणार हायत. त्याच्या आधी एकदा एकट्याला उडायचंय मला. एकदाच. मग जन्मभर तागडी धरून बसतो की.”

“मग उड की, कोण न्हाय म्हणतंय?” मी म्हणालो.

“तुझा पंख व्हायला पायजे न्हवं वेळंत.”

आता मी काय केलं ते लिहितो. शामियान्याच्या झालरीला आम्ही देखाव्याचा टाका घालतो. वरून ओळीनं गाठी दिसतात, पण दोरा आरपार गेलेला नसतो. झालरीला काही पेलायचं नसतं, तिथं ते चालतं, आणि गिऱ्हाइकालाही ते माहीत असतं. त्या दुपारी साहेब आणि भूपाल गावात गेले होते. मी शेडमध्ये एकटा होतो. तंबूचा दोरा वापरावा तर तो जाड, टेपखाली लगेच कळला असता. मग शेवटच्या तीन फासळ्यांना मी वरून-खालून देखाव्याच्या गाठी मारल्या. दोरा बरोबर पुरला. लगेच टेप बसवली आणि डोपचा पहिला हात देऊन टाकला. घाईत ब्रशाचा एक केस रोगणात चिकटून राहिला, तोही काढला नाही. संध्याकाळी साहेबानं टेपवरून बोट फिरवलं, गाठी लागल्या, मान हलवली.

पुढचे चार दिवस मीच त्या पंखाला डोपचे हात देत होतो, आणि गुरुवारी दुपारी तो विमानाला परत जोडला. रोज घरातून निघताना वाटायचं, आज सांगू. माळावर पोचलो की भूपाल भेटायचा आणि सांगणं राहून जायचं. मला माझी लाज वाटत होती, पण तोंड उघडण्याची त्याहून जास्त वाटत होती.

गुरुवारी संध्याकाळी जेवताना मी अब्बांना विचारलं, देखाव्याचा टाका किती वारा सोसतो? घरात आमची बोली वेगळी आहे, इथं मराठीत लिहितो. अब्बा म्हणाले, “त्याला वारा सोसायचाच नसतो. त्याला फक्त लोकांची नजर सोसायची असते.” मग घास थांबवून त्यांनी विचारलं, “कुठं घातलास?” मी म्हणालो, झालरीला. ते पुन्हा जेवू लागले.

शुक्रवारी उजाडताच मी निघालो. सांगायचंच असं ठरवून निघालो. तळ्याच्या वाटेला लागलो आणि एंजिनचा आवाज ऐकू आला. वारा पडलेला असतो म्हणून साहेबानं भूपालला लवकर सोडलं होतं. मी धावत माळावर पोचलो तेव्हा विमान झाडांच्या वर गेलं होतं, आणि पुढच्या जागेवर साहेब नव्हता. तो माळावर उभा होता, हातात घड्याळ.

मी “साहेब...” म्हणालो. त्यानं माझ्याकडं न बघता हातानंच गप्प राहायची खूण केली. बोलून तरी काय उपयोग होता? वर गेलेल्या माणसाला खालून काही सांगायची सोय नव्हती. तळ्यावरून भूपालनं एक फेरी मारली. दुसरी मारली. मी त्या डाव्या पंखावरची नजर काढली नाही. मी आयुष्यात कधी एवढ्या कळकळीनं दुवा मागितली नाही, आणि मागताना हेही कळत होतं की मागायचा हक्क मला नाही. तळ्याच्या मध्यावर विमान एकदम खाली बसल्यासारखं झालं आणि डावीकडं कललं. मी तिथंच खाली बसलो.

मग ते सरळ झालं, वळलं आणि माळावर दोन उड्या मारून थांबलं.

भूपाल उतरला तो थेट माझ्याकडं आला. “तळ्यावर असला दणका बसला मर्दा, म्हटलं डावा पंख गेला. पर तुझा टाका. हालला न्हाय बघ.” त्यानं मला मिठी मारली. मी रडत होतो. त्याला वाटलं आनंदानं. साहेबानं पंखावरून तळवा फिरवला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. त्या क्षणी बोलायला हवं होतं. मी बोललो नाही. दुपारी भूपालचे वडील आले आणि त्याला घेऊन गेले.

शनिवारी योगायोगानं साहेबाचं मुंबईचं पार्सल आलं. त्यात दोरा होता. मी साहेबाला म्हटलं, शेवटच्या तीन टेप नीट बसल्या नाहीत, पुन्हा लावून देतो. तो बरं म्हणाला आणि एंजिनपाशी काम करत राहिला. पुढच्या माणसाला तरी खरे टाके मिळावेत, एवढंच माझ्या मनात होतं.

टेप जशीच्या तशी होती. कुठं काप नाही, ठिगळ नाही. ब्रशाचा तो केससुद्धा रोगणात तिथंच. मी वस्तऱ्यानं टेप कापून सोलली. खाली माझ्या खोट्या गाठी ओळीनं होत्या. आणि प्रत्येकीला लागून आणखी एक गाठ होती.

मी नखानं ओढून बघितली. हलली नाही. खाली वाकून खालची टेप कापली. तिथंही तेच. सुईच्या टोकानं चाचपलं... दोरा फासळीला वेढा घालून आरपार गेलेला. साहेबानं शिकवलेली गाठ, तोच मेणाचा दोरा. पहिल्या फासळीला बावीस टाके, दुसरीला बावीस, तिसरीला बावीस. अंतर इतकं सारखं, की माझ्या हातून कधी येत नाही. हे लिहिताना अजूनही थोडं लागतं.

आता तुम्ही म्हणाल, रात्री कुणीतरी शिवलं असेल. पण न कापलेल्या टेपच्या आत शिवणार कसं? आमचे एक नातेवाईक डॉक्टर आहेत. ते म्हणतात, तुम्ही खरेच टाके घातले होते, आणि भीतीनं तुम्हाला खोटे आठवतात. मग त्या खोट्या गाठी कुणाच्या? शिवाय दोरा. चार वाव उरला होता, तो मी संपवला होता. हे टाके नुसते दिसणारे नव्हते, हाताला लागत होते. हाताला लागतं ते खरं मानणारा माणूस मी, माझ्याकडं दुसरं काही मानायला जागाच उरली नाही.

आणि त्या दिवशी मी शेवटची लबाडी केली. माझ्या खोट्या गाठी एकेक करून कापून खिशात घातल्या, नवी टेप बसवली, आणि घरी येऊन चुलीत टाकल्या. पुरावा म्हणून जे होतं ते मीच जाळलं. साहेब पावसाळ्याआधी निघून गेला.

भूपाल मात्र मला विसरला नाही. त्याच्या दुकानात गेलो की गिऱ्हाइकं थांबवून तो सांगायचा, “ह्यो दस्तगीर. ह्येच्या टाक्यावर माझा जीव हुता.” चाळीस-बेचाळीस वर्षं मी ते मान खाली घालून ऐकलं. लोकांना तो माझा विनय वाटायचा.

गेल्या वर्षी त्याचा धाकटा मुलगा विमानदलात मेकॅनिक म्हणून निवडला गेला. भूपालनं मला गडहिंग्लजला बोलावून घेतलं. भरल्या घरात मुलाला माझ्यापुढं वाकायला लावलं आणि म्हणाला, “डोस्क्यावर हात ठेव त्येच्या. तुझ्यासारखा कारागीर होऊ दे म्हण.”

माझा हात उचलला गेला नाही. मी भूपालला आतल्या खोलीत नेलं आणि सगळं सांगितलं, दोऱ्यापासून चुलीपर्यंत. त्या मुलाला माझ्यासारखा होऊ देऊ नकोस, असंही म्हणालो.

भूपाल माझ्या हातांकडं बघत बसला. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. मग त्यानं हळूच विचारलं, “मग त्या दिशी मला खाली आणलं कुणी?”

संध्याकाळच्या एस.टी.नं मी कोल्हापूरला परत आलो.

वाचकांपैकी कुणाला याचा उलगडा होत असेल तर संपादकांकडं जरूर लिहून पाठवा. माझ्यासाठी नको, मी काय केलं ते मला माहीत आहे. पण भूपालची तब्येत आता बरी नसते. परवा त्याचं पत्र आलं, त्यात घरच्या खुशालीचा एक शब्द नव्हता, पुन्हा तेवढंच विचारलं होतं.