आईच्या पाटीतली देवी

अंधेरीच्या आमच्या कोळीवाड्यात गावदेवीची पालखी गल्लीत शिरली की बिल्डिंगा रिकाम्या होतात. म्हातारेकोतारे, बाळंतिणी, सगळे खाली. देवीच्या डोक्यावर कुणी राहायचं नाही. कुणा नाखव्यानं म्हणे एकदा माडीवरून पालखी बघितली आणि त्याची बोट परत आलीच नाही. कुठला नाखवा, कुठली माडी, असं विचारलं की म्हातारे खेकसतात. मी काही देवभोळी नाही, पण खाली मीही उतरायचे. उगाच कशाला?

त्या वर्षी आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं. चौथ्या, शेवटच्या मजल्यावर ती पाठीवर पडून. डॉक्टरांनी हलवायला बंदी केलेली. आणि धाकटा भाऊ समुद्रात. बोट आदल्या दिवशीच यायची होती, आली नव्हती. फोन लागत नव्हता. खाली पालखीपुढचा बेंजो वाजायला लागला तसा आईनं माझा हात आवळला.

"मना खाली ने गं. माजा पोऱ्या दर्यान हाय."

"अगं, टाके तुटतील ना!"

"तुटू दे."

मला तिचा भयंकर राग आला. भीतीही वाटली, पण ती टाक्यांची नव्हती.

पालखीचा पुढचा दांडा काकांकडे असायचा. मी धावत खाली जाऊन त्यांना गाठलं, आईचं सांगितलं. त्यांनी बेंजो थांबवला, वर बघितलं.

"ती खाली येत नाय, तर देवीला वर नेऊ. गच्चीवर. मग कोण राहिला तिच्या डोक्यावर?"

पुजारी कुरकुरला. पालखी जिन्यात वळेना. शेवटी आईचीच मासळीची पाटी घासून आणली, नवं लुगडं अंथरून तिच्यात देवीचा मुखवटा ठेवला. पाटीला वास येतोय, कुणीतरी म्हणालंच.

"कोळ्यांची देवी ती. तिला काय अत्तराची सवय हाय?" काका म्हणाले आणि पाटी डोक्यावर घेऊन चढले.

मी पुढे पळत घरी आले. छतावर पावलं वाजली. आईनं पडल्या पडल्या वर हात जोडले, आणि थोड्या वेळात चक्क घोरायला लागली.

दुसऱ्या दिवशी भाऊ आला. इंजिन बंद पडलं होतं म्हणे. जेवायला काय आहे, हे त्यानं पहिलं विचारलं. देवी वर का नेली ते याला सांगायचं नाही, आईनं मला, काकांना, पालखीवाल्यांना आधीच बजावलं होतं. दर्यावर जाणाऱ्याच्या अंगाला भीती लावू नये, असं तिचं म्हणणं.

आता आई नाही. देवी मात्र दरवर्षी गच्चीवर जाते. टॉवर झाले, समुद्र दिसेनासा झाला, म्हणून देवीनंच स्वप्नात येऊन वर न्यायला सांगितलं, अशी गोष्ट गावात झाली आहे. सगळ्यात रंगवून ती सांगतो माझा भाऊ. काका थकले, पाटी आता त्याच्या डोक्यावर असते.

चौथ्या मजल्यावर, आमच्या दारासमोर, तो थांबतोच. "दम लागला गं, ताई," म्हणतो. आतल्या रिकाम्या पलंगाकडे त्याची पाठ असते. मी पाणी देते. यंदा वाटलं, सांगून टाकावं. पण पहाटे त्याची बोट निघायची होती.

"चल, चढ," मी म्हटलं.